टेकाईच्या माथ्यावरचा हंडा

ऐक टेकाई, तुझी कहाणी. ऐका बायांनो, तुम्हीही ऐका. हातात अक्षता घ्या, पण आधी पाठ भिंतीला लावून बसा. ही कहाणी वाकून ऐकायची नव्हे.

आटपाट नगर होतं. नगर होतं डोंगरावर, नदी होती पायथ्याशी, आणि दोहोंच्या मध्ये उभा घाट होता. देव वर, पाणी खाली, आणि मध्ये बाई. नगराचा देव महादेव. त्याला रोज सकाळी नदीच्या पाण्याची आंघोळ लागे. ते पाणी आणायचा मान एका घराण्याचा होता, म्हणून त्या घराला मानकऱ्याचं घर म्हणत. उत्सवात पहिलं पागोटं मानकऱ्याला, पहिला नारळ मानकऱ्याला, पालखीपुढे पहिलं पाऊल मानकऱ्याचं. आणि हंडा? हंडा घरच्या सुनेला. मान घराण्याचा, ओझं सुनेचं.

हंड्याचे नियम होते. जिनं भरला तिनंच उचलावा, दुसरीनं हात लावू नये. एकदा उचलला की भुईला टेकवू नये. टेकला की बाटला, बाटला की ओतून द्यावा आणि पुन्हा नदीवर उतरावं. हे नियम कुणी केले? ज्यांनी कधी हंडा उचलला नाही त्यांनी केले. हंडा तांब्याचा होता, रिकामा उचलतानाच दम लागावा असा.

घाटाच्या मध्यावर एक काळा धोंडा होता. कमरेएवढा उंच, माथा सपाट. त्याला टेकाई म्हणत. टेकाईला शेंदूर होता, चांदीचे डोळे होते, भोवती लाकडी कठडा होता, कठड्याला दार होतं. टेकाई पाठदुखीला पावते अशी तिची ख्याती. बायका नवस बोलत, चांदीची चिमुकली पाठ घडवून कठड्याला बांधत. येताजाता डोईवरच्या ओझ्यासकट कमरेत वाकत, कठड्याला हात लावत, तो कपाळाला लावत, मग पुढं जात. वाकताना कळ येई. कळ आली की म्हणत, देवी परीक्षा बघते.

मानकऱ्याचं नाव आपाजी. त्याची आई ठकूबाई, बायको भिवरा, आणि मुलगी सरू, नुकती पावलं टाकू लागलेली. ठकूबाईनं उभा जन्म हंडा वाहिलान. आता ती कमरेतून अशी वाकली होती की चालताना तिला भुईच तेवढी दिसे. सून घरात आली त्याच दिवशी तिनं आपली डोईवरची चुंबळ सुनेच्या हातात दिलीन. म्हणाली, "ही घे. आता घराची अब्रू तुझ्या डोईवर." भिवरेनं ती घेतलीन. काय करील बापडी?

एके दिवशी काय झालं? भिवरा भरला हंडा घेऊन टेकाईपाशी आली, नमस्काराला वाकली, आणि पाठीत उसण भरली. डोळ्यांपुढं काजवे चमकले. पण हंडा पडू दिला नाही. तशीच वर गेली, गाभाऱ्यात पाणी पोचवलंन, घरी आली, आणि जोत्यावर बसली ती उठेना. सरू दोन्ही हात वर करून आली, मला घे म्हणाली. भिवरेला तिला उचलता येईना.

ठकूबाई म्हणाली, "आमच्याही पाठी दुखल्या. आम्ही नाही बोललो."

मग आपाजीनं वैद्य आणलान. वैद्यानं तेल चोळायला सांगितलं, एरंडाच्या पानांचा शेक द्यायला सांगितला, चार दिवस निजवून ठेवायला सांगितलं. चार दिवस देव पारोसा राहिला, मग भिवरा उठली. बरं वाटलं. मग सासूनं हंडा दाखवलान. भिवरा नदीवर गेली, हंडा भरलान, उचललान, टेकाईपाशी वाकली, आणि पुन्हा उसण भरली.

मग आपाजीनं पायाळू माणूस आणलान. पायाळू म्हणजे आईच्या पोटातून पायांनी आलेला. त्याचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, असं सगळं नगर म्हणे. त्यानं भिवरेला उंबऱ्यावर पालथी निजवलीन, पाठीवरून पाय फिरवलान, वर एक लाथ दिलीन. दक्षिणा घेतलीन, जेवून गेला. भिवरा चार दिवस निजली. बरं वाटलं. मग हंडा भरलान, उचललान, टेकाईपाशी वाकली, आणि पुन्हा उसण भरली.

मग आपाजीनं देवऋषी आणलान. देवऋषी म्हणाला, हिच्या मागं बाहेरचं लागलं आहे. त्यानं कमरेला काळा दोरा बांधलान, लिंबू उतरवलंन, मंगळवारी उपास सांगितलान. भिवरा चार दिवस निजली. बरं वाटलं. मग उपाशीपोटी हंडा उचललान, आणि पुन्हा तेच.

बघा बायांनो, तिघांनी तीन उपाय केले. शेक खरा होता, तेल खरं होतं, मी वैद्याला नाव ठेवत नाही. पण तिघांतल्या एकानं तरी विचारावं की नाही, बाई, तू उचलतेस काय? एकानं तरी दारामागचा तो हंडा एकदा उचलून बघावा की नाही? रोग पाठीत शोधला, कमरेत शोधला, भुताखेतांत शोधला. कोपऱ्यात लखलखत होता तिकडं कुणी पाहिलं नाही.

दिवसांमागून दिवस गेले. भिवरा भिंत धरून चालू लागली. सरूनं हात वर करायचं सोडून दिलं. ती यायची, आईच्या लुगड्याचा काठ धरून उभी राहायची, वर बघायचीसुद्धा नाही. भिवरेला पाठीपेक्षा ते दुखे. नगरात बोलणं उठलं, मानकऱ्याची सून मोडकी निघाली. कुणी म्हणालं, हिला माहेरी घाला. कुणी म्हणालं, दुसरी करा, मान बुडता कामा नये. भिवरा सगळं ऐके, आणि हंडा उचले.

एके दिवशी ती भरला हंडा घेऊन टेकाईपाशी आली. तिथं एक म्हातारी उभी. डोईवर लाकडांची मोळी, पाय लटपटतायत. म्हणाली, "लेकी, एवढी मोळी उतरून दे ग. कंबर तुटते." भिवरा म्हणाली, "आजी, माझ्या डोईवर देवाचं पाणी आहे. मला टेकवता येत नाही." म्हातारी म्हणाली, "बरं बाई." भिवरा वर गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हातारी उभी. "लेकी, मोळी उतरून दे ग. कंबर तुटते." भिवरा म्हणाली, "आजी, तुमचा हात लागला तर पाणी बाटेल." म्हातारी म्हणाली, "बरं बाई." भिवरा वर गेली, पण घास गोड लागला नाही.

तिसऱ्या दिवशी म्हातारी काही बोललीच नाही. नुसती उभी होती, आणि ओठ दाताखाली धरला होता. भिवरेनं तो ओठ ओळखला. तो तिचाच होता, रोज घाट चढताना ती असाच धरी. मग तिला संताप आला. म्हणाली, "आग लागो ह्या सोवळ्याला. म्हातारीची कंबर मोडते आहे आणि मी पाण्याला जपते आहे." इकडं पाहिलंन, तिकडं पाहिलंन. हंडा ठेवावा कुठं? भुईला टेकवायचा नाही. मग तिनं कठड्याचं दार पायानं ढकललंन, आत गेली, आणि हंडा ठेवलान थेट टेकाईच्या माथ्यावर. वाकावं लागलं नाही. उंची अशी बरोबर होती की हंडा डोईवरून हातांत घेतलान तो नीट जाऊन बसला.

मग वळली, म्हातारीची मोळी धरायला गेली. तर म्हातारी कुठं आहे? मोळी कुठं आहे? कुणीच नाही. आणि धोंड्यातून शब्द आला, "आज जेवले ग बाई."

भिवरा घाबरली. हात जोडून म्हणाली, "आई, माझं चुकलं. तुझ्या माथ्यावर ओझं ठेवलं."

देवी रागावली, पण तिच्यावर नाही. म्हणाली, "चुकलं कसलं? त्यासाठीच तर मी उभी आहे. पूर्वी ह्या वाटेनं बायका यायच्या, माझ्या माथ्यावर ओझं टेकवायच्या, घटकाभर वारा घ्यायच्या, चार सुखदुःखाच्या गोष्टी बोलायच्या, मग एकमेकींना हात देऊन ओझं डोईवर चढवायच्या. तो माझा नैवेद्य होता. मग एक आला, त्यानं शेंदूर फासला. दुसरा आला, त्यानं डोळे बसवले. तिसरा आला, त्यानं कठडा घातला. म्हणाला, देवीला शिवू नका. तेव्हापासून माझा माथा उपाशी आहे. पाठीचे नवस माझ्यापाशी बोलतात, आणि ओझं घेऊन माझ्याच पुढून चालत जातात. चांदीच्या पाठी घेऊन मी काय करू? चावू?"

भिवरा म्हणाली, "मग आई, माझ्या पाठीला उपाय सांग."

देवी म्हणाली, "तुझी पाठ मोडली नाही. तिला कुणी थांबू दिलं नाही. चार दिवस निजलीस की ती सावरते, पाचव्या दिवशी तुम्ही तिला पुन्हा मारता. आता माझा वसा घे. उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

भिवरा म्हणाली, "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

"मग ऐक. ओझं उचलायच्या आधी टेकवायचं कुठं ते बघावं. एकटीनं उचलू नये, दुसरीला हाक मारावी, हाक मारायची लाज धरू नये. उचलताना गुडघे मोडावेत, पाठ मोडू नये. ओझं अंगाशी धरावं. भरून एकदा न्यायचं ते अर्धं अर्धं दोनदा न्यावं. दुखलं म्हणून अंथरुणाला खिळू नये, हळूहळू हिंडावं. उपास करू नये, पोटभर जेवावं. उद्यापन काय करावं? आपल्या वाटेवर कमरेएवढा ओटा बांधावा. आणि दुखतं तेव्हा दुखतं म्हणावं. हे सगळ्यात अवघड आहे."

एवढ्यात काय झालं? देवळातला गुरव फुलं तोडायला घाट उतरत होता. त्यानं पाहिलं, देवीच्या डोक्यावर हंडा. बोंब मारली. नगर गोळा झालं. हंडा ओतून दिला. देव तसाच पारोसा राहिला. भिवरेला देवळापुढच्या पारापाशी उभी केली, पंच पारावर बसले. म्हणाले, "हिनं मानाचं पाणी बाटवलं, देवीच्या दाराला पाय लावला. हिला माहेरी घाला. आपाजीनं दुसरी बायको करावी. मुलगी घराण्याची आहे, ती इथं राहील."

भिवरेनं आपाजीकडं पाहिलंन. आपाजी पागोटं सावरीत होता. सरू लुगड्याचा काठ धरून उभी होती. कुणीतरी तिची मूठ सोडवू लागलं. ती रडली नाही, नुसती मूठ आवळून राहिली.

मग पंचांनी ठकूबाईला पुढं बोलावलं. वाटलं, जुनी माणसं आपल्या बाजूनं साक्ष देतील. म्हणाले, "ठकूबाई, तू जन्मभर हंडा वाहिलास. कधी टेकवला होतास का?"

ठकूबाई बोलायला उभी राहिली. ज्यांच्याशी बोलायचं त्यांचं तोंड बघावं म्हणून वर मान करायला गेली. मान होईना. तिला दिसले पंचांचे जोडे. ओळीनं काढून ठेवलेले, मऊ कातड्याचे, टाचा न झिजलेले. ती त्या जोड्यांकडं बघत राहिली. आणि जे जन्मात झालं नाही ते झालं. ठकूबाईला राग आला.

म्हणाली, "नाही टेकवला. कधी नाही. आता बघा माझ्याकडं. सगळे बघा. मला देवळाचा कळस दिसेनासा झाल्याला किती काळ लोटला, कुणी विचारलंत? ह्या देवाचं पाणी वाहून मी अशी झाले की त्याचं दर्शन घ्यायला मला वर बघता येत नाही. आणि मी मूर्ख, हिला म्हटलं, आम्ही नाही बोललो. आम्ही बोललो नाही म्हणून तुम्ही पारावर बसलात."

पंच म्हणाले, "पण विटाळ?"

ठकूबाई म्हणाली, "टेकाई देवी आहे की नाही? देवी असली तर देवीला लागलेलं पाणी बाटलं कसं? आणि धोंडा असला तर त्याला कठडा कशाला? दोहोंतलं एक ठरवा आणि मग माझ्या सुनेला बोला. तोवर देव पारोसा आहे. आज पाणी आपाजी आणील. पागोटं तो घालतो ना, मग हंडाही त्यानंच आणावा. नियम सगळे पाळायचे. कुणी हात लावायचा नाही."

पंचांना नाही म्हणता येईना. मान मानकऱ्याचा, तो मानकऱ्यानंच बजावला तर अडवणार कोण?

मग आपाजी नदीवर गेला. सगळं नगर घाटावर उभं. हंडा भरलान. डोईवर घ्यायला गेला, जमेना. पोटाशी कवटाळून उठला. अर्ध्या वाटेत पागोटं सुटून गळ्यात आलं. टेकाईपाशी पोचला तेव्हा चेहरा काळानिळा झाला होता. त्यानं नमस्कार केला नाही. वाकायला अंगात त्राण हवं ना? उघड्या दारातून आत शिरला, हंडा टेकाईच्या माथ्यावर आदळलान, आणि कठड्याला धरून धापा टाकीत राहिला.

कुणी बोंब मारली का? नाही. कुणी विटाळ म्हणालं का? नाही. गुरव म्हणाला, "असू दे, असू दे, धाप लागली आहे त्याला." बघा बायांनो. पुरुषानं टेकवलं तर विसावा, बाईनं टेकवलं तर विटाळ. सकाळी ज्या तोंडानं बोंब मारली तेच तोंड, तोच धोंडा, तोच हंडा.

ठकूबाई म्हणाली, "ह्याची धाप तुम्हांला ऐकू येते. आमची कशी नाही आली?"

पंच खाली बघू लागले. भिवरेनं सरूची मूठ आपल्या हातात घेतलीन. मग आपाजी सावरला. कठड्याचा एक खांब धरलान आणि उपटलान. मग दुसरा उपटलान. ते बघून बायका पुढं झाल्या, आणि बघता बघता कठड्याचं सरपण झालं. शेंदूर खरवडून काढला, चांदीचे डोळे देवळात नेऊन ठेवले. टेकाईचा माथा मोकळा झाला. राहिलेला घाट भिवरा आणि आपाजी दोघं हंड्याच्या दोन बाजू धरून चढली, आणि देवानं आंघोळ केली. त्याच्या अंगावर पुरळ उठलं नाही.

भिवरा बरी झाली का? लगेच नाही. पाठ एका दिवसात गेली नव्हती, एका दिवसात आली नाही. तिनं वसा धरलान. अर्धा हंडा नेई, टेकाईच्या माथ्यावर टेकवी, दुसरीची हाक ऐकली की हात देई. कळ कमी झाली. मग पुरती गेली. मग काय झालं? भिवरा उतली. उत्सव आला, पाहुणे आले, चारजणींत मिरवायचं होतं. म्हणाली, आता मी बरी आहे, मला काय धाड भरली आहे? भरला हंडा एकटीनं उचललान, टेकाईपुढून ताठ चालत गेली. दुसऱ्या दिवशी उसण. देवी म्हणाली, "बरी झालीस म्हणून वसा टाकलास. बरी झालीस ती वशानंच ना?" भिवरेनं कान धरलेन. पुन्हा वसा घेतलान, तो मग सोडला नाही. वर्ष गेलं, दुसरं गेलं, पाठ दुखली नाही. एके दिवशी तिनं गुडघे मोडलेन, सरूपुढं बसली, तिला अंगाशी धरलीन आणि उठली. सरू वरून सगळ्यांकडं बघत होती. जड झाली होती, तरी भिवरेनं तिला घटकाभर खाली ठेवली नाही. तेवढं देवीनं चालवून घेतलं.

आता राहिली ठकूबाई. सुनेची पाठ सरळ झाली, तिची झाली नाही. ती एकटी घाट उतरून टेकाईपाशी गेली. तिला वाकावं लागलं नाही. होती तशी उभी राहिली तरी तिचं कपाळ टेकाईच्या माथ्याला लागलं. तसंच ठेवून तिनं विचारलंन, "मी जन्मभर तुझ्या पुढून गेले. रोज गेले. तेव्हा का नाही आलीस?"

देवी गप्प राहिली.

ठकूबाईनं पुन्हा विचारलंन. देवी गप्प. तिसऱ्यांदा विचारलंन. देवीजवळ उत्तर नव्हतं.

मग ठकूबाई म्हणाली, "बरं. माझी गेली ती गेली. पण कान असले तर ऐकून ठेव. ह्यापुढं ह्या वाटेनं जाणाऱ्या एका जरी बाईची पाठ माझ्यासारखी झाली, तर मी तुला पहारीनं उखडून नदीत ढकलीन. मग देवी हो की धोंडा हो."

टेकाई थरथरली. म्हणाली, "तथास्तु."

तेव्हापासून टेकाई जागी आहे. कुणी ओझं घेऊन आली की तिचा माथा आपण होऊन पुढं होतो. नवस मागत नाही, नारळ मागत नाही. लोक म्हणतात देवी दयाळू आहे. तसं नव्हे. तिला ठकूबाईचं भय आहे.

जशी टेकाई भिवरेला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. आणि ज्या घरात बाई कंबर धरून उठते आणि बाकीचे बसून बघतात, त्या घराला ठकूबाई पावो. साठां उत्तरांची ही कहाणी पांच उत्तरांत सांगितली, टेकाईच्या माथ्यावर ठेवली. सुफळ झाली, संपूर्ण झाली.